कोंदण रिकामं ठेवू नये

"मामा, लाल बसवू का पिवळा? नायतर निळ्याची जागा रिकामीच राहती."

भाचा आतल्या खोलीतून ओरडून विचारत होता. मोरगावात लाल, पिवळा आणि निळा हे तीन रंग कुणी एका दमात घेतले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं विहिरीवरची मोटर येते. तीन फेज, तीन वायरी. मी पडवीतूनच सांगितलं, "आधी मेन स्विच पाड. आन् दोन वायरी अदलाबदल झाल्या तर मोटर उलटी फिरंल, ध्यानात ठेव."

आतून जरा वेळानं उत्तर आलं, "मोटर नाय ओ मामा, टोप हाय."

"माझा कुठला टोप घेतला त्यानं?" हा आवाज स्वयंपाकघरातून, आमच्या हिचा.

भाचा हिंजवडीतल्या एका कंपनीत आहे. घरून काम करायची मुभा मिळाल्यापासून "मामाच्या गावाला हवा चांगली" म्हणून तो आमच्याकडं येऊन राहिलाय आणि त्या चांगल्या हवेत दिवसभर खिडकी लावून बसतोय. दिवसा तो कंपनीचं काम करतो, असं तो म्हणतो. रात्री तो 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नावाच्या खेळात शिकारी असतो, हे मात्र आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. खेळ तसा जुना, २००४ सालचा. २००७ च्या जानेवारीत त्याची 'बर्निंग क्रुसेड' नावाची पुरवणी निघाली आणि तेव्हापासून तिथल्या टोपांना आणि चिलखतांना कोंदणं आली. लाल, पिवळी, निळी. त्यात खडे बसवायचे. एक चांगलं माणिक बसवलं की चपळाई आठानं वाढते, दुसऱ्या खड्यानं दम वाढतो, तिसऱ्यानं बुद्धी. २०२१ मध्ये कंपनीनं तीच जुनी आवृत्ती पुन्हा चालू केली, आणि ज्या पोरांना तेव्हा घरचे खेळू देत नव्हते ती आता स्वतःच्या पगारावर, कुणाच्या बापाला न विचारता खेळतात.

आता, शिकाऱ्याला चपळाई हवी, चपळाई लाल खड्यात आहे, तर सगळीकडं लालच ठोकून मोकळं व्हावं, हे माझ्यासारख्याला सहज सुचतं. पण कोंदणाच्या रंगाचा खडा कोंदणात बसवला तर त्या चिलखतावर वर थोडी बक्षिसी मिळते. म्हणजे बक्षिसीसाठी नको असलेला निळा घ्यायचा, की बक्षिसीवर पाणी सोडून लाल बसवायचा? भाच्यानं त्यासाठी एक्सेलची शीट केली होती. तिच्यात एवढे रकाने होते, की त्याच्या निम्मे जरी मी नोकरीत भरले असते तर ग्रामपंचायतीतला कारकून म्हणून निवृत्त झालो नसतो.

"आन् 'हिट' धरायची राहिली," तो म्हणाला. खेळातल्या मोठ्या राक्षसावर शंभर वार केले तर त्यातले नऊ हुकतात. 'हिट'चे खडे बसवत गेलं की हुकणं कमी होत जातं. नऊ टक्के भरले की एकही हुकत नाही, आणि त्याच्यावर रतिभर जरी जास्त बसवलं तर ते फुकट.

"म्हणजे आत्ता शंभरातले एक्क्याण्णव लागतात?"

"हां."

"आन् तू रडतोयस?" मी सगळी हयात पाणीपट्टी वसूल करण्यात घालवली. शंभरातल्या एक्क्याण्णव घरांनी जर कधी भरली असती तर मी हत्तीवरून साखर वाटली असती.

नारिंगी खडा मला मनापासून आवडला. तो लाल कोंदणातही चालतो आणि पिवळ्या कोंदणातही. दोन्हीकडचे त्याला आपलाच मानतात. मी म्हटलं, "अशी माणसं आपल्या तालुक्यात लई हायती."

"पन त्याचा फायदा दोनीकडचा निम्मा-निम्माच मिळतो, मामा."

"मग आपलीकडची नव्हंत ती."

सगळ्यात कडक नियम पुढं होता. एकदा बसवलेला खडा काढून परत वापरता येत नाही. त्याच्या जागी नवा बसवला की जुना फुटतो. मी विचारलं, घट धरून सराफ परत घेत नाही का? नाही. सुनंच्या अंगठीला लावता येत नाही का? तेही नाही. मग भाच्यानं त्याचा आधीचा खेळ सांगितला, 'डायब्लो'चा दुसरा भाग, २००० सालचा. त्यात एक जादूची पेटी असते. तिच्यात एकाच जातीचे तीन कमअस्सल खडे टाकले की एक वरच्या प्रतीचा खडा बाहेर येतो. हे ऐकून मला त्या खेळ बनवणाऱ्या माणसांची कीव आली. त्यांनी सहकार क्षेत्र पाहिलेलं नसावं. आमच्याकडं तीन आजारी पतसंस्था एका पेटीत टाकल्या की एक मोठी आजारी पतसंस्था बाहेर येते.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. मग संकष्टी आली आणि संकष्टीबरोबर दाजी आले.

दाजी म्हणजे भाच्याचे वडील. बारामतीला प्लॉटची कामं करतात आणि दर संकष्टीला मयूरेश्वराच्या दर्शनाला येऊन आमच्याकडं मुक्काम करतात. त्यांच्या उजव्या हाताचं एकही बोट कामावाचून नाही. तर्जनीत गुरूचा पुष्कराज, अनामिकेत मंगळाचं पोवळं, करंगळीत बुधाचा पाचू. मधलं बोट शनीचं. त्यात नीलम यायचा होता, त्याची कथा पुढं येईल. अंगठा तेवढा मोकळा, कारण त्यानं मोबाईल उघडायचा असतो. या हातानं त्यांनी लेकाच्या खोलीचं दार ढकललं, पडद्यावरचा टोप पाहिला, त्यातली कोंदणं पाहिली आणि कपाळाला हात लावला. तीन खडे एकदम चमकले.

"नसलेल्या माणसाच्या नसलेल्या टोपात नसलेला खडा," दाजी म्हणाले. "ह्यासाठी इंजिनेर केला तुला?"

"पप्पा, तुमच्या पुष्कराजानं काय वाढलं?"

"गुरूबळ वाढलं."

"किती?"

"किती म्हंजे? वाढलं."

"आकडा सांगा की. आठ? बारा?"

"असं आकड्यात नसतंय ते."

"मग वाढलं हे कळलं कसं?"

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. मी कॅलेंडरकडं पाहिलं. ताईनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, मध्ये पडून सांगितलं की पुष्कराज घातल्यापासून ह्यांचा गुडघा दुखायचा थांबला. दाजींनी तिला डोळ्यानं गप्प केलं, कारण गुडघा गुरूच्या खात्यात नसून शनीच्या खात्यात येतो आणि शनीचा खडा अजून घ्यायचा होता.

भाच्याला या वयात जे सुचू नये ते सुचतं. त्यानं मोबाईलवर बघून जाहीर केलं, की दुकानदारानं खराच दिला असेल तर पप्पांचा पुष्कराज, बाजारातलं माणिक आणि येऊ घातलेला नीलम, हे तिन्ही एकच खनिज आहे. कुरुंद. ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन, बस. त्यात क्रोमियमचा अंश आला की लाल, लोखंड आणि टायटॅनियम मिळून आले की निळा. दाजींचा चेहरा उतरला. माणिक सूर्याचं, नीलम शनीचा. शनी हा सूर्याचा मुलगा, बापलेकाचं हाडवैर, म्हणून हे दोन खडे एका हातात घालायचे नाहीत, हे त्यांना पाठ होतं. आता दोघांचा सातबारा एकच निघाला. थोडा विचार करून दाजी म्हणाले, "मग तर वैर असनारच. एकाच जमिनीचं असत्यात."

याच बैठकीत आमच्या वडिलांचा विषय निघाला. ते जन्मात कधी रत्नवाल्याची पायरी चढले नाहीत. त्यांच्या अंगावर दागिना एकच, मनगटावरचं एचएमटी जनता. त्याच्या तबकडीवर '१७ ज्वेल्स' असं लिहिलेलं असे, आणि लहानपणी मला वाटायचं की ही कंपनीची शेखी. ती शेखी नव्हती. किल्लीच्या घड्याळात चाकांचे आस ज्या बारक्या छिद्रांत फिरतात त्या जागी माणकं बसवलेली असतात, म्हणजे घर्षण कमी होतं आणि धातू झिजत नाही. माणकं कारखान्यातली, ओगुस्त वेर्नाई नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं १९०२ मध्ये ज्योतीत भुकटी वितळवून माणिक बनवायची रीत जाहीर केली, तेव्हापासून घड्याळवाल्यांची ददात मिटली. हे ऐकून दाजी उठून बसले. "म्हंजे मामंजींच्या हातावर सतरा माणकं हुती?" होती. सतराच्या सतरा आपापल्या कोंदणात, आणि काय वाढतं तेही ठरलेलं: घड्याळ वेळेवर चालतं. वडील मात्र कुठंही वेळेवर पोचत नसत, पण त्याचा दोष माणकांना देता येत नाही.

नीलम पुढच्या संकष्टीच्या आदल्या दिवशीच आला. निळ्या फडक्यात बांधून, सदऱ्याच्या आतल्या खिशात, दोन्ही हातांनी छातीशी धरून. शनीच्या कारभारात उधारी नाही. हा खडा मानवला तर रंकाचा राव होतो, नाही मानवला तर रावाचा रंक होतो, आणि दोन्ही गोष्टी चटदिशी होतात, असा त्याचा लौकिक. म्हणून तो घेतल्या घेतल्या बोटात घालत नाहीत. आधी उशीखाली ठेवून झोपायचं आणि स्वप्नं कशी पडतात ते बघायचं. दाजी आमच्या पडवीत नीलम उशीखाली ठेवून झोपले. सकाळी उठून म्हणाले, स्वप्नात त्यांची एसटी चुकली. आता हे शुभ की अशुभ? ताईच्या मते अशुभ. माझ्या मते एसटी पुढं कुठं गेली त्यावर ते अवलंबून होतं. भाच्याचं म्हणणं, पप्पांकडं गाडी असताना ते एसटीच्या स्टँडवर गेले कशाला, हे आधी बघा. चहा होईपर्यंत हा वाद रंगला.

तेवढ्यात आमच्या आईनं अंथरूण अंगणात नेऊन झटकलं.

मी दाजींना पळताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. निळं फडकं तुळशीपाशी सापडलं, मोकळं. अंगणात कोंबड्या चरत होत्या. आम्ही गुडघ्यावर बसून माती चाळली. हिनं पिठाची चाळण द्यायला नकार दिला म्हणून वाळूची चाळणी शेजारून आणली, आणि ती आणल्यामुळं शेजारी आले. तेही शोधायला लागले. काय हरवलंय हे कुणीच त्यांना सांगितलं नव्हतं. माती, दगड, शेणी, एक जुनी बटणं लावायची सुई आणि माझी मागच्या वर्षी हरवलेली चष्म्याची काडी एवढ्या गोष्टी निघाल्या. मग भाच्यानं ती माहिती दिली, जी त्यानं दिली नसती तर बरं झालं असतं: कोंबडीला दात नसतात. ती खडे गिळते, ते खडे पेट्यात साठतात आणि त्यांच्यावर दाणे भरडले जातात. एकेक खडा आत कितीतरी दिवस राहतो.

सगळ्यांचे डोळे कोंबड्यांकडं गेले. तांबडी तलंग चोच पुसत होती.

"कापा तिला," दाजी म्हणाले.

"आज चतुर्थी हाय," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे पुष्कराजाचा वार. दाजींनी स्वतः तो मटण-मच्छीविना पाळायचं कबूल करून खडा बोटात घातला होता. शुक्रवारी ताईचा उपास. शनिवार तर ज्याच्या खड्यासाठी तलंग कापायची त्या शनीचाच. मग श्रावण लागला. तोवर तलंगेला अंडी सुरू झाली आणि आईनं साफ सांगितलं, की आता तिच्या अंगाला हात लावायचा नाही. दाजी दर खेपेला ज्वारीची पिशवी घेऊन येतात, तिच्यासाठी. रात्री खुराड्याला कुलूप असतं. मुंगूस येऊ नये म्हणून जाळी बसवली, तीही दाजींच्या खर्चानं. नीलम मानवला की रंकाचा राव होतो, हे मी आता कुणालाही छातीठोकपणे सांगतो.

माझ्या स्वतःच्या बोटात मोती आहे. पुण्यातल्या एका रत्नवाल्यानं माझा हात न बघता सांगितलं की माझं मन चंचल आहे. कुठला खडा घ्यावा या विचारात मी त्याच्या काउंटरपुढं बराच वेळ उभा होतो, तेवढ्यावरून. चंद्राचा मोती, सव्वापाच रत्ती. मी म्हटलं, पाचच द्या. तो म्हणाला, "पूर्ण आकडा चालत नाही, सव्वा लागतो." बिलाचा आकडा मात्र पूर्ण होता. घरी आल्यावर कळलं की मोती हा कॅल्शियम कार्बोनेटचा, आंबट लागलं की त्याचं पाणी जातं. झालं. मन शांत राहावं म्हणून घेतलेल्या मोत्याला लिंबू लागेल, लोणचं लागेल, ताकाची कढी लागेल म्हणून जेवणभर जिवाला घोर. अंगठी काढून ताटाशेजारी ठेवावी तर हात धुवायला उठताना ती विसरायची धास्ती. त्यात घरात एक कोंबडी अशी, की जिला खड्याची चव कळलेली.

सोमवती अमावास्येला जेजुरीला गेलो. आमच्यापासून जेजुरी सतरा किलोमीटर, न जाऊन चालत नाही. अशा अंगठीला मागून भोक ठेवलेलं असतं, खडा कातडीला लागावा म्हणून. खडा कातडीला लागण्याआधी त्या भोकातून खंडोबाचा भंडारा आत गेला. तिथं घामात भिजून बसला तो बसलाच. ब्रशनं घासलं, दोऱ्यानं ओढलं. आंबट लावायची सोय नाही. मोती पिवळाधमक. चार लोकांत मला विचारायला लागले, "पुष्कराज कधी घेतला?" दाजींनी तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला. त्यांना त्यात वेगळंच दिसलं. "चंद्राचा मोती आन् गुरूचा रंग. गुरू-चंद्र एका जागी, म्हंजे गजकेसरी योग झाला की ओ. हळदीच्या भावात." भाचा म्हणाला, "हायब्रिड जेम." एखाद्या गोष्टीवर बापलेकांचं एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

खड्यांच्या बाजूनं दाजींचा सगळ्यात मोठा साक्षीदार म्हणजे आमचा मयूरेश्वर. मूर्तीच्या डोळ्यांत आणि बेंबीत हिरे बसवलेले आहेत, हे दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जातं. शिवाय जी आरती रामदासस्वामींना इथं मोरगावात सुचली असं आम्ही अभिमानानं सांगतो, तिच्यात गणपतीच्या अंगावरचा ऐवज कडव्यात मांडून दिलाय. मुकुट साधा नाही, हिऱ्यांचा आहे. "देवाला लागत्यात," दाजी म्हणाले, "मंग मानसाला का लागू नयेत?"

"देवानं मागितल्यात का?" आईनं विचारलं. "ज्यानं दिल्यात त्याची हौस. आन् सिंधू राक्षस मारला तवा काय त्येनं अंगठ्या बघितल्या व्हत्या? मोरावर बसला आन् गेला."

सिंधूची गोष्ट इथल्या पोराटोरांना माहीत असते. सूर्याकडून मिळवलेलं अमृत त्यानं पोटात ठेवलं होतं, त्यामुळं तो काही केल्या मरेना. गणपतीनं आधी ते अमृत काढून टाकलं आणि मग त्याला मारला. भाच्यानं मान डोलावली. "बॉसचा बफ आधी काढावाच लागतो आजी." आजीला शब्द कळला नाही, पण नातू देवाच्या बाजूनं बोलतोय एवढं कळलं आणि तिनं त्याला शेंगदाण्याचा लाडू दिला.

त्याच आठवड्यात त्याची मोठी लढाई होती. इलिडन नावाचा राक्षस, शिंगं, पंख आणि डोळ्यांवर पट्टी. पंचवीस जणांनी मिळून मारायचा. पंचवीस जण जगाच्या पाठीवर कुठले कुठले, आणि सगळ्यांना एकच वेळ जमवायची. आमच्याकडं साखरपुड्याची बैठक जमवायला लागतो तेवढा खटाटोप त्यात झाला. भाच्यानं एक्सेल पूर्ण केली होती. 'हिट' नऊ टक्के, दाणाभर इकडं नाही की तिकडं नाही. चपळाई हवी तेवढी. एकही कोंदण रिकामं नाही. आई कौतुकानं मागं उभी राहून पडदा बघत होती.

"डोळं आल्यात का रं त्याला?" तिनं विचारलं.

"नाय आजी, तो आंधळाच हाय, पन सगळं दिसतं त्याला."

"मंग पट्टी कशाला बांधली?" असं म्हणत ती बाहेर गेली. लढाई सुरू झाली. भाच्याचे वार लागत होते, एकही हुकत नव्हता; त्याचे आकडे पडद्यावर कारंज्यासारखे उडत होते. आणि ऐन रंगात आलेली असताना त्याचा शिकारी धनुष्य ताणलेल्या अवस्थेत थांबला. राक्षसानं पंख हलवले. शिकारी हलेना. कानातल्या यंत्रातून येणारे आवाज बंद पडले होते, पण त्याआधीचा शेवटचा शब्द इंग्रजीतली शिवी होता.

बाहेर पडवीत आईनं राऊटरची पिन काढून तिथं आपला मोबाईल चार्जिंगला लावला होता. तिच्या बहिणीचा फोन यायचा होता.

"तुझं झालं की लाव," ती म्हणाली. "त्याला काय घाई हाय, आंधळा माणूस."

भाचा त्या रात्री जेवला नाही. पण दाजींनी हा प्रसंग वेगळ्याच कानांनी ऐकला. पुढच्या चतुर्थीला आल्यावर त्यांनी कधी नव्हे ते लेकाच्या खोलीत खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणून विचारलं, "ते नऊ टक्क्यांचं काय म्हनत हुतास?"

गोष्ट अशी, की विकास सोसायटीच्या गेल्या निवडणुकीत दाजी नऊ मतांनी पडले होते. अंगठ्यांचं सगळं प्रकरण तिथून सुरू झालेलं. भाच्याचे डोळे लकाकले. "पप्पा, म्हंजे तुमची चपळाई बरोबर हाय, दम बरोबर हाय. हिट कमी पडली."

"मंग हिटचा खडा कुठला?"

भाच्यानं नवी शीट उघडली. वर दाजींचं नाव. खाली रकाने: खडा, ग्रह, बोट, वजन, किंमत, वाढ. पहिले पाच भराभर भरले. पुष्कराजाची किंमत दाजींनी कानात सांगितली. सहाव्या रकान्यापाशी गाडी अडली.

"काय लिहू?"

"गुरूबळ अधिक... आठ लिही."

"नक्की?"

"बारा लिही. साडेसात रत्तीचा हाय."

पोवळ्याला दहा मिळाले. पाचूला आधी सहा दिले होते, पण तो महागातला म्हणून वाढवून चौदा केले. "नीलम लिहायचा का?" "लिही. हाय की तो आपल्याच घरात." बोटाच्या रकान्यात भाच्यानं 'तलंग' असं टाकलं. खाली बेरीज आली. इतकं ग्रहबळ आपल्याकडं आहे हे दाजींना आजवर कुणी आकड्यात दाखवलं नव्हतं. त्यांनी ताईला हाक मारली, मला हाक मारली, हिला हाक मारली. आम्ही सगळे पडद्यापुढं जमलो. मग भाच्यानं एक्सेलच्या सवयीनं शेजारच्या रकान्याचीही बेरीज केली. किमतीची.

ताई चष्मा लावून पुढं वाकली. शून्यं बोटानं मोजली. परत मोजली.

"मला चार वर्सं सांगताय, पाटल्यांना पैसे नायत म्हनून," ती म्हणाली.

दाजींनी उजवा हात हळूच खिशात घातला. खडे अस्तरात अडकले.

"त्यात हा मोतीबी लिहा की," आमची ही माझा हात वर धरून म्हणाली, "म्हंजे दोगींच्या पाटल्या एकदमच हुतील."

भाच्यानं शांतपणे नवी ओळ घेतली. खडा या रकान्यात 'पाटल्या, दोन जोड' असं लिहिलं, बोट काढून मनगट केलं आणि शेवटच्या रकान्यावर थांबून विचारलं, "ह्यानं काय वाढतं, मामी?"

"लिही," ती म्हणाली, "लग्नात तुज्या आईशेजारी बसायची ताकद. आकडा मोकळा सोड. तो मी लग्नातनं आल्यावर सांगते."